मस्टरवरच्या बाया आणि बाळंतपणाची रजा : दिल्ली महापालिकेचं प्रकरण

दिल्ली महानगरपालिकेच्या बांधकामांवर आणि रस्तेदुरुस्तीवर बाया राबत होत्या. चर खणण्यापासून सगळी अंगमेहनतीची कामं. काम बारमाही, माणसंही वर्षानुवर्षं तीच. फक्त कागदावर सगळ्या रोजंदारीवर. मस्टरवर हजेरी लागली तर त्या दिवसाची मजुरी, नाही लागली तर खाडा. महापालिकेच्या कायम नोकरीतली बाई बाळंत झाली की तिला पगारी रजा मिळे. मस्टरवरची बाळंत झाली की तिचे खाडे पडत.

खाडा परवडत नाही म्हणून ती दिवस भरत आले तरी कामावर यायची, आणि बाळंतपणानंतर सव्वा महिना दूरच, अंग सावरायच्या आत पुन्हा साइटवर दिसायची. हे मी रंगवून सांगत नाही. कामगार संघटनेने कैफियतीत हेच मांडलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही ते उतरलं: रोजची भाकर रोज कमवायची असल्यामुळे या स्त्रिया गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात आणि बाळंतपणानंतर लगेच काम करतात, स्वतःच्या आणि बाळाच्या तब्येतीची पर्वा न करता. पर्वा न करता, हे न्यायालयाचे शब्द. माझ्या मते पर्वा त्यांनाही होती, सोय नव्हती.

दिल्ली म्युनिसिपल वर्कर्स युनियनने या बायांसाठी मागणी केली ती अगदी साधी: कायम बायांना प्रसूतीचे जे लाभ मिळतात ते यांनाही द्या. कायम करा, असं या प्रकरणात कोणी म्हटलं नव्हतं. महापालिकेने नकार दिला, तेव्हा दिल्ली प्रशासनाच्या कामगार सचिवांनी वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवला.

महापालिकेचा बचाव असा. १९६१ चा मातृत्व लाभ अधिनियम यांना लागू नाही. केंद्रीय नागरी सेवेचे रजा नियम यांना लागू नाहीत. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचा, म्हणजे ईएसआयचाही, लाभ यांना नाही. तिन्ही ठिकाणी कारण एकच, की त्या रोजंदारीवर आहेत. हा बचाव नीट वाचला तर लक्षात येतं की या बायांना नेमकं काय लागू आहे, याचं उत्तर त्यात कुठेच नाही. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडून काम घेतलं त्यांच्या बाळंतपणाबद्दल देशातला एकही कायदा काही बोलत नाही, असं एक सार्वजनिक संस्था कोर्टात लेखी म्हणत होती.

न्यायाधिकरणाने २ एप्रिल १९९६ रोजी निवाडा दिला: सलग तीन वर्षं किंवा अधिक काळ कामावर असलेल्या मस्टरवरच्या स्त्रियांना १९६१ च्या कायद्याचे लाभ द्या. महापालिका उच्च न्यायालयात गेली, तिथे ७ जानेवारी १९९७ ला याचिका फेटाळली गेली. मग खंडपीठाकडे अपील. ते मुदत उलटून गेल्यावर केलेलं, म्हणून ९ मार्च १९९८ ला तेही फेटाळलं. मग सर्वोच्च न्यायालय. तिथे न्यायमूर्ती एस. सगीर अहमद आणि डी. पी. वाधवा यांनी ८ मार्च २००० रोजी महापालिकेविरुद्ध निकाल दिला. निवाड्याच्या महिन्यात जन्मलेलं मूल तोवर चार वर्षांचं होत आलं होतं. कायद्यातली रजा तेव्हा होती १२ आठवड्यांची.

या तारखांचं मला फार वाटतं. महापालिकेला एकही पायरी जिंकता आली नाही, अपिलाची मुदतही पाळता आली नाही, तरी वेळ तिच्याच बाजूने चालत राहिली. बाळंतपण अपिलासाठी थांबत नाही.

आता मूळ मुद्दा. १९६१ चा कायदा उघडून पाहिला तर त्यात 'कायम', 'परमनंट', 'नियमित' असली अट लाभासाठी घातलेलीच नाही. व्याख्येत 'स्त्री' म्हणजे मजुरीवर कामाला ठेवलेली स्त्री, मग ती थेट ठेवलेली असो वा कोणत्याही एजन्सीमार्फत. लाभाची अट कलम ५ मध्ये आहे: बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम. पूर्वी हे १६० दिवस होते, १९८८ च्या दुरुस्तीने ते निम्म्यावर आणले. तुकड्यातुकड्याने काम मिळणाऱ्या बाईला १६० दिवस गाठणं अवघड आणि ८० तुलनेने सोपं. मग अशा बाईला कायद्याबाहेर ठेवायचं होतं, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? शिवाय कलम २७ सांगतं की या कायद्यापेक्षा कमी देणारा कुठलाही करार किंवा नोकरीची शर्त टिकत नाही. म्हणजे 'तुम्ही रोजंदारी कबूल करूनच आलात' हेही चालणार नाही.

न्यायालयाने तेच म्हटलं. हा कायदा फक्त नियमित स्त्री-कामगारांसाठी आहे असं सुचवणारं त्यात काही नाही. हंगामी, नैमित्तिक वा मस्टरवरच्या रोजंदार स्त्रियांनाही त्याचे लाभ आहेत.

पण महापालिकेच्या वकिलांकडे एक खरा मुद्दा होता आणि तो बाजूला सारून हे प्रकरण सांगणं प्रामाणिक होणार नाही. कलम २ प्रमाणे हा कायदा कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक माणसं असलेली दुकानं-आस्थापना यांना आपोआप लागू होतो. बाकीच्यांना तो लावायचा तर सरकारला अधिसूचना काढावी लागते. रस्ते दुरुस्त करणारी महापालिका या यादीत कुठे बसते? कायदा आम्हाला लावलेलाच नाही, मग न्यायाधिकरणाने तो आमच्या गळ्यात कसा घातला, असा त्यांचा सवाल.

न्यायालयाने याचं उत्तर दोन टप्प्यांत दिलं. एक, महापालिकेची अशी कामं 'उद्योग' ठरतात हे आधीच ठरून गेलेलं होतं. त्यात आपल्याकडच्या नागपूर महापालिकेचा १९६० चा खटला महत्त्वाचा. तिथे सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या एकेका खात्याचं काम तपासून ते औद्योगिक विवाद कायद्याच्या कक्षेत आणलं होतं. दुसरा टप्पा राज्यघटनेचा. कलम ४२ राज्याला कामाची न्याय्य परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद करायला सांगतं, १५(३) स्त्रियांसाठी खास तरतुदींना जागा देतं. भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ११ न्यायालयाने निकालात सविस्तर उतरवलं. वकिलांच्या आक्षेपाला त्यांनी प्रश्नाकडे पाहण्याची संकुचित रीत म्हटलं, कारण प्रश्न मुळात माणुसकीचा आहे.

तांत्रिक मनाच्या वाचकाला इथे सांधा ढिला वाटेल, आणि तो थोडा आहेही. कलम ४२ हे राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी, आणि त्या तत्त्वांवरून थेट देणं वसूल होत नाही, हे घटनेचा कुठलाही विद्यार्थी सांगेल. न्यायालयालाही ते ठाऊक होतं, म्हणूनच शेवटचा आदेश मोठा चतुर आहे: महापालिकेने राज्य आणि केंद्र सरकारकडे जाऊन अधिसूचना काढून घ्यावी, आधीच निघालेली नसेल तर, आणि तोवर मस्टरवरच्या स्त्रियांना लाभ द्यावेत. कागद नंतर, पैसे आधी. मला हा आदेश त्या निकालातल्या सगळ्या सुंदर वाक्यांपेक्षा जास्त आवडतो. सुंदर वाक्यं पुष्कळ आहेत. आई होणं ही स्त्रीच्या आयुष्यातली सर्वांत नैसर्गिक गोष्ट आहे, मालकाने तिच्या शरीराच्या अडचणी ओळखायला हव्यात, या आशयाचा परिच्छेद त्यानंतर देशभरातल्या उच्च न्यायालयांनी इतक्यांदा उतरवून घेतला आहे की तो वकिलांना तोंडपाठ असेल.

न्यायाधिकरणाची तीन वर्षांची अटही पाहायला हवी. कायदा म्हणतो ८० दिवस, निवाडा म्हणतो तीन वर्षं. ही अट कायद्यात कुठेही नाही. पण वर गेली ती महापालिका. सर्वोच्च न्यायालयाने जी कारणं दिली त्यांतलं एकही तीन वर्षांवर अवलंबून नाही, त्यामुळे पुढच्या प्रकरणांत कोणी या अटीकडे बोट दाखवलं तर ते मान्य करायचं कारण नाही.

पैशात हे किती होतं? सरासरी रोजाइतकी रक्कम, १२ आठवड्यांची. इथे रोजंदारीवाल्यांना हमखास फसवणारा एक हिशेब असतो: आठवड्याचे सहाच दिवस काम, म्हणून १२ गुणिले ६, म्हणजे ७२ दिवसांचे पैसे. कोइमतूरच्या कामगार न्यायालयातून आलेल्या, मळ्यातल्या एका कामगार स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं होतं की आठवडा म्हणजे सात दिवस, रविवारही धरायचे. ७२ नव्हे, ८४. मस्टरवरच्या बाईला रविवारची मजुरी आयुष्यात कधी मिळालेली नसते. बाळंतपणाच्या रजेत मात्र ती मिळायला हवी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली, तेव्हा हाच फरक १५६ आणि १८२ दिवसांचा होतो. हिशेबनीस अजूनही सहाने गुणतात का, हे तपासून घ्यावं.

रजेबद्दल एवढं झालं. पण गर्भारपण नऊ महिन्यांचं असतं आणि रजेच्या आधीच्या महिन्यांत तिने काय करायचं? १९६१ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये याचं उत्तर आहे. बाळंतपणानंतर सहा आठवडे तिला कामाला लावायलाच मनाई. (१९१९ च्या आंतरराष्ट्रीय प्रसूती करारातही हेच सहा आठवडे आहेत, तो करार भारताने मंजूर केलेला नाही, तरी आपल्या कायद्यावर त्याची छाप आहे. आपल्या सव्वा महिन्याशीही आकडा जवळपास जुळतो.) आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधी एक महिना तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देऊ नये. मात्र तिने तशी विनंती केली तर.

ही 'विनंती' मला खुपते. कारखान्यात, कार्यालयात विनंती करता येते. अर्ज असतो, साहेब असतो, युनियनचा माणूस असतो. साइटवर विनंती करायची ती मुकादमाला. 'मला आज चरात उतरवू नका' याचा मुकादमाच्या कानावर पडणारा अर्थ 'मला आज काम नको' असा होतो, आणि हलकं काम म्हणजे काय, तर घरी जा. दिल्लीच्या बाया ज्याबद्दल भांडल्या ती रजा होती. हलक्या कामाचा हक्क त्यांच्या कायद्यात होता, तरी या वादाचा मुख्य मुद्दा तो झाला नाही, आणि याचं नवल वाटू नये. जिथे पोटाला उद्याची खात्री नाही तिथे आधी मजुरी मागितली जाते.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलं. तिथे देशपातळीवर पगारी प्रसूती रजेचा कायदाच नाही, १९९३ चा कायदा ५० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देतो. तिथला गाजलेला खटला हलक्या कामावरून झाला: पार्सल पोचवणाऱ्या यूपीएस कंपनीतल्या एका गरोदर चालक स्त्रीला डॉक्टरने सुरुवातीला २० पौंडांपेक्षा जास्त उचलू नको म्हटलं, कंपनीचा नियम ७० पौंडांचा. कंपनीने हलकं काम दिलं नाही. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा पुढे चालू दिला, पण गरोदर कामगारांना कामात सवलत देण्याचं बंधन घालणारा वेगळा कायदा लागू व्हायला जून २०२३ उजाडलं. तिकडची कामगार हलकं काम मागू शकते, पगारी रजा मागू शकत नाही; इकडच्या कायद्यात दोन्ही आहे आणि मिळवताना दोन्हीला वेगवेगळी दमछाक.

कामावर परतल्यानंतरचंही थोडक्यात. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजायला दिवसातून दोन विश्रांत्या, नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त, मजुरी न कापता. २०१७ पासून ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यातही पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघराची सोय सांगितली होती. प्रत्यक्षात साइटवर काय असतं, ते कुठल्याही रस्त्याच्या कामाशेजारून जाताना दिसतं: दोन बांबूंना बांधलेली साडीची झोळी आणि राखणीला सहा-सात वर्षांची बहीण.

पैसे कोणी द्यायचे, यावरही बोलायला हवं, कारण महापालिकेच्या नकारामागची खरी भीती तीच असणार. हा वाद मुंबईला जुना आहे. मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात जुलै १९२८ मध्ये प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. पण बायांना कामाला ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा त्यालाही पूर्ण मोकळं सोडता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला, देशातला या विषयावरचा पहिला. बोजा मात्र मालकावरच राहिला, १९६१ मध्येही आणि २०१७ मध्ये रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली तेव्हाही. परिणाम उघड आहे: बाई ठेवली की खर्च, म्हणून बाईच ठेवायची नाही, किंवा ठेवायची तर अशी की कागदावर ती आपली नसेल. ईएसआयमध्ये हा तिढा सुटतो, कारण तिथे वर्गणी सगळ्यांची आणि रजेचे पैसे महामंडळाचे. ज्यांना दोन्ही नाही त्यांच्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये सरकारी मदत म्हटली, किमान ६,००० रुपये. २६ आठवड्यांची मजुरी कुठे आणि ही रक्कम कुठे. बाबासाहेबांनी म्हटलेला सरकारचा मोठा वाटा तो हाच, असं कोणी म्हणू नये.

निकालानंतरच्या काळात हा निवाडा कंत्राटी नोकऱ्यांपर्यंत पोचला. दिल्लीतल्याच एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरचा करार रजा सुरू झाल्यावर काही दिवसांत संपत होता, म्हणून तिला ११ दिवसांचीच रजा मिळेल असं सांगितलं गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ८० दिवसांची अट पुरी झाली असेल तर लाभ कराराच्या तारखेला संपत नाही, पुढेही चालतो. डॉक्टर आणि चर खणणारी मजूर यांच्यात कायद्याच्या नजरेने फार अंतर नाही, हे त्यातून दिसलं. प्रत्यक्षात अंतर आहेच, आणि ते कागदांचं आहे. डॉक्टरकडे नियुक्तीपत्र असतं.

दिल्लीच्या बायांकडे काय होतं? मस्टर. ज्या वहीमुळे त्या कायम नव्हत्या, त्याच वहीत त्यांची वर्षानुवर्षांची हजेरी महापालिकेच्याच माणसाने, महापालिकेच्याच शिक्क्याखाली मांडलेली होती. कामाला होत्या की नाही, यावर वादच झाला नाही. आज महापालिका, जिल्हा परिषदा, बांधकाम खातं थेट मस्टरवर माणसं ठेवण्यापेक्षा काम ठेकेदाराला देतात. वही ठेकेदाराकडे, कधी ठेकेदाराच्याही खालच्या टोळीवाल्याकडे. 'थेट किंवा कोणत्याही एजन्सीमार्फत' हे शब्द कायद्यात असूनही पहिला प्रश्न पडतो तो, ही बाई आमच्याकडे होतीच याला पुरावा काय?

आणि कामावरून काढण्याबद्दल. १९६१ च्या कायद्यातलं कलम १२ गर्भारपणाच्या रजेवर असताना काढायला मनाई करतं. मस्टरवरच्या बाईला कोणी काढत नाही. तिला फक्त दुसऱ्या दिवशी बोलावत नाहीत. नाक्यावर उभी राहते, मुकादम बाकीच्यांना टेम्पोत घेतो. यात काढल्याचा आदेश नाही, तारीख नाही, सही नाही. या निकालाची ताकद इथे येऊन थांबते, आणि ती वाढवायची तर बोलावलं नाही म्हणजे काढलं, हे साक्षीदारांनिशी सिद्ध करणारी संघटना सोबत लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेतल्या प्रकरणाने घेतली. ८० दिवस तसेच आहेत, २६ आठवडे तसेच, आणि संहितेच्या व्याख्येत कर्मचारी म्हणजे थेट किंवा कंत्राटदारामार्फत ठेवलेली व्यक्ती. दिल्लीच्या निकालाचं तर्कशास्त्र त्यामुळे जुनं होत नाही. रोजंदारीवरच्या गर्भार बाईने करायच्या गोष्टीही फारशा बदलत नाहीत. हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, मजुरी खात्यावर येत असेल तर पासबुक भरून घ्यावं, दवाखान्याचं कार्ड जपावं, रजेची सूचना लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. आधी जमलं नाही तर बाळंतपणानंतरही सूचना देता येते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे आगाऊ मिळायला हवेत, नंतरचे बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. नाही मिळाले तर कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी, आणि त्या तक्रारीत ठेकेदाराबरोबर ज्याचं काम चाललं आहे त्या खात्याचं नावही घालावं. बहुतेक जणी फक्त ठेकेदाराचं नाव लिहितात, आणि सुनावणीच्या तारखेला ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यात असतो.